मांडलेले नारळ

मंडईच्या दिवशी चिचटोल्यात कोणी कोणाशी भांडत नाही. भांडणं असतात, पण ती पाहुणे गेल्यावर काढायची, असा गावाचा शिरस्ता. दिवाळी सरली की एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्रा, लागते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, लग्नाची पोरं-पोरी एकमेकांना लांबून बघून घेतात, आणि नाटकाच्या मंडपाकडे निघण्याआधी सगळं घर एका पंगतीला जेवतं. रामाजींच्या घरी यंदा मात्र भांडण पाहुण्यांच्या आधीच येऊन अंगणात खुर्ची टाकून बसलं होतं, आणि त्याला चहासुद्धा द्यावा लागत होता.

त्या भांडणाचं नाव देवाजी. धानोऱ्यात तो संस्कार रक्षण मंच चालवायचा. कपाळावर अष्टगंध, खिशात दोन फोन, आणि तोंडावरचं हसू कधी मावळत नसे. महिन्यापूर्वी दिल्लीच्या कोर्टाने निकाल दिला होता, की दोन बायांच्या किंवा दोन पुरुषांच्या लग्नाला मान्यता देणं आपलं काम नाही, ते संसदेने बघावं. देवाजीला निकाल आवडला होता, पण पुरता नाही.

"कोर्टानं दार लोटून ठेवलं, कडी नाई लावली," तो रामाजींच्या मुलाला, निकेशला, सांगत होता. "मंग कडी कोणं लावाची? आपन लावाची. गावागावातून ठराव दिल्लीले गेले पायजे. उद्या तुमची ग्रामसभा हाये, तुमी सरपंच हा. बोला."

निकेशने ठराव वाचला. अशी लग्नं हे गाव मानत नाही, ही पहिली ओळ. तिच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या ओळीपाशी तो थांबला. असं जोडपं ज्या घरात उठबस करेल, त्या घराशी गावाने रोटी-पाणी ठेवू नये.

"हे दुसरं कायले जी?"

"कायले थे तुमाले मालूम हाये, सरपंच."

मालूम होतं. निकालाच्या दिवशी गडचिरोलीच्या बसस्टँडवर एक मायकवाला बायकांना मतं विचारत फिरत होता. त्याला नेमकी सापडली दिव्यानी, निकेशची धाकटी बहीण, वनरक्षकाच्या खाकी गणवेशात. ती म्हणाली, "कोर्टानं नाई म्हटलं तं नाई. आमी दोघी तं राहूनच राह्यलो ना? कोर्टासाठी भात शिजाचा थोडी थांबते?" मायकवाला हसला, ती हसली, आणि दिवस मावळायच्या आत ते हसणं चिचटोल्यातल्या प्रत्येक फोनवर येऊन पोचलं.

दिव्यानी आणि करिश्मा धानोऱ्याला एका खोलीत राहायला लागून सहा वर्षं झाली होती. करिश्मा सिरोंचाकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दर मंडईला ती 'दिव्यानीची मैत्रीण' म्हणून यायची, वडे तळू लागायची, आणि गावाने कधी काही विचारलं नव्हतं. न विचारणं ही गावाची सभ्यता होती. दिव्यानीने न विचारता सांगून टाकलं, ही तिची चूक.

निकेशला पुढल्या निवडणुकीत जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, आणि तिकीट देणारे देवाजीचं ऐकायचे. एरवी निकेश वाईट माणूस नव्हता. त्याला बहीण नकोशी झाली नव्हती, तिचं बोलणं तेवढं नको होतं.

खळ्यावर रामाजी धानाचे भारे रचत होते. सुटलेला भारा ते पुन्हा बांधायचे आणि बांधताना मोठ्याने बडबडायचे. "भाऱ्याची गाठ येगळी, दाव्याची येगळी, शिक्याची येगळी. सरपंचाले एक बी धड येत नाई." निकेशने ते ऐकलं आणि ठराव घडी करून खिशात घातला.

तोडगा काढला ज्योत्स्नाने, त्याच्या बायकोने. चहाचे कप उचलायला म्हणून ती आली आणि उभ्या उभ्या बोलून गेली.

"त्या दोघींले महापरसाद बसवून टाका ना."

देवाजीचं हसू जरा रुंद झालं.

"पाहा ना," ज्योत्स्ना म्हणाली, "आत्याबाई अन् वच्छलामावशी नाई का? देवासमोर नारळ बदलले, जन्माचं नातं झालं. गाव मानते का नाई?"

ज्योत्स्ना वरोऱ्याकडची, कापसाच्या मुलखातली. तिकडे ही चाल नाही. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिने पाहिलं, की आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई गुणाबाई, दोन माणसांची नावं घेत नाहीत. एक नवऱ्याचं, आणि दुसरं पलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरच्या वस्तीतून येणाऱ्या वच्छलाबाईचं. हाक मारायची ती 'महापरसाद' अशीच. वच्छलाबाई गोंड, त्यांचे देव वेगळे, पण त्यांचा नवरा गेला तेव्हा गुणाबाईंनी इथे चूल पेटवली नव्हती. ज्योत्स्नाच्या डोळ्यांना ते सगळं लग्नासारखंच दिसायचं, फक्त नाव दुसरं. ते दुसरं नाव नणंदेला मिळालं तर तिला देवाची साक्ष मिळेल आणि गावाला बोलायला काहीतरी, असा तिचा सरळ हिशेब होता. दिव्यानीवर तिचा जीव होता, आणि तोडगा तिने त्या जिवापोटीच काढला होता.

"वयनी हुशार हायेत," देवाजी म्हणाला. "रामाजीबाबांनी सोताच्या हातानं बसवलं, तं दुसरी ओळ मी आत्ताच खोडतो."

निकेश काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याकडे ज्योत्स्नाने तेव्हा नीट पाहिलं असतं, तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

*

मागच्या पडवीत वच्छलाबाई तांदळाचे वडे थापून देत होत्या आणि ज्योत्स्ना तळत होती. गुणाबाई हळदी-कुंकवासाठी शेजारी गेल्या होत्या. ज्योत्स्नाने मोठ्या खुशीत बातमी सांगितली. वच्छलाबाईंचा हात थापता थापता थांबला.

"कोणाले बसवून राह्यले म्हणतं?"

"दिव्यानीले अन् करिश्माले."

"अन् पोरगी हो म्हणते?"

"अजून तिले सांगतलं कुठी? येऊनच राह्यली असन."

वच्छलाबाईंनी हातातला वडा पुन्हा गोळा करून परातीत टाकला. "सूनबाई, महापरसाद म्हंजे काय समजली तू? महापरसाद झालं का सख्खी बहीण होते. आमच्या पेनदेवासमोर बी तसंच, तुमच्या देवासमोर बी तसंच. त्या घरात सोयरीक बी होत नाई. बहीण-भावाचं लगन लावल्यावानी पाप हाये थे."

"बहीण?" ज्योत्स्ना म्हणाली. कढईतला वडा काळा होत चालला होता. "मंग थ्या दोघी एका खोलीत..."

"राह्यतात ना बहिणी एका खोलीत. तसं रावं लागन मंग."

ज्योत्स्ना झारा टाकून तशीच उठली. निकेश फाटकासमोर, गावच्या विहिरीपाशी, पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होता. तिने त्याला गोठ्याआड ओढलं.

"तुमाले मालूम होतं."

"काय?"

"महापरसादनं बहीण होते थे. जन्मले तुमी इथी."

"होतं मालूम."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तूच तं काढलं," निकेश म्हणाला. "सगळ्यायचंच भागते त्याच्यात. देवाजीचं भागते, बाबाचं भागते. दिव्यानीचं माहेर राह्यते. राह्यल्या थ्या दोघी खोलीत, कोण पाहाले जाते?"

"अन् बाबा देवासमोर जे बोलतील, थे?"

"अवो, देव काय ग्रामसभेले येते का?"

बायको आपल्या बाजूची आहे अशी निकेशची सकाळपासून समजूत होती. ज्योत्स्नाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर ती समजूत उरली नाही.

*

स्कूटर अंगणात शिरली तेव्हा दिव्यानीला सगळ्यात आधी देवाजी दिसला. मग ओट्यावर सारवलेला चौकोन दिसला, त्यावर दोन पाट, समोर तांदळाची रास. ती याच गावात वाढली होती. कोणी काही सांगायच्या आधीच तिला कळलं.

ज्योत्स्नाने तरी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ठराव, दुसरी ओळ, आपला तोडगा, आणि त्यातली आपली चूक. "मले माहीत नव्हतं वो. मी आत्ता जाऊन सांगते, होत नाई म्हणून."

"नको, वयनी." दिव्यानीने तिचा हात धरला. "बसतो आमी."

"तुले समजून राह्यलं का?"

"समजते. नाई बसली तं उद्या हे घर बंद. आई कोणाच्या विहिरीवर जाईन? या वयात तिच्यासंग कोणी बोलन नाई, मंडईले कोणी येईन नाई. माह्या एका बोलण्यापाई." तिने ज्योत्स्नाचा हात सोडला. "नावच तं हाये. मनात काय हाये थे कोण पाहाले येते?"

"अन् करिश्माले सांगतलं?"

"पूजा हाये म्हणून सांगीन."

ज्योत्स्नाला यावर खूप काही बोलायचं होतं. पण ओट्यावरून हाक आली, आणि करिश्मा पाय धुऊन, पदर खोचून, "कुठे बसायचं?" असं विचारत समोर येऊन उभी राहिली. गुणाबाईंना ती अजून तिकडच्या तेलुगू वळणाने 'अम्मा' म्हणायची. "अम्मा कुठे आहेत?"

गुणाबाई तेवढ्यात आल्या होत्या. ओट्याच्या कडेला वच्छलाबाईंना चिकटून बसल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावरून त्या खूश आहेत की रागावल्या आहेत, हे कोणालाच कळेना.

*

रामाजींनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं. गावाच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख, गळ्यात माळ. चिचटोल्यात भटजी पोचायचा नाही त्या काळापासून लग्नं तेच लावत आले होते. नवरा-नवरीच्या पदराची गाठ त्यांच्याच हातची. दोन वेढे आणि टोक आतून ओढून घेतलेलं. ती गाठ कधी सुटली नाही असं लोक सांगायचे, आणि त्यातल्या काही बायका हे सांगताना हसायच्या नाहीत.

पोरीचा तो व्हिडिओ निकेशने दाखवला होता. त्यांनी तो एकदा पाहिला, फोन परत दिला आणि त्यावर घरात चकार शब्द काढला नाही. रात्री झोप मात्र येत नव्हती. आपण असं काय केलं की आपल्या पोटी हे यावं, असं त्यांना वाटायचं. दुसऱ्या घटकेला ती लहान असताना भजनात झांज धरून झोपी जायची, ते आठवायचं. सुनेने महापरसादचं नाव काढलं तेव्हा त्यांना खरंच हायसं वाटलं. म्हणजे तसलं काही नव्हतंच. दोघी मैत्रिणीच होत्या, पोरगी भलतंच बोलून गेली. हे खरं असावं असं त्यांना इतकं वाटत होतं, की त्यांनी ते खरं धरलं.

त्यांनी दोघींना समोरासमोर बसवलं. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक नारळ ठेवला, कपाळाला तांदूळ लावले. देवाजीने फोन काढून चित्रण सुरू केलं.

"पोरी," रामाजी करिश्माला म्हणाले, "तू तिकडली. तुले मालूम नसन, म्हणून सांगतो. न समजून सांगता मी कोणाले काई करू देत नाई."

दिव्यानीने डोळे मिटून घेतले. आपल्या बापाची ही खोड ती कशी विसरली?

"नारळ तू हिले द्याचा, हिनं तुले. मंग आजपासून तुमी एकमेकीचं नाव घ्याचं नाई, महापरसाद म्हणाचं. तिच्या घरी सुतक तं तुमच्या घरी सुतक. तिचा बाप थो तुहा बाप. तुमी सख्ख्या बहिणी झाल्या. सख्ख्या बहिणीत जे चालत नाई, थे तुमच्यात बी चालत नाई. चाललं तं पाप. समजलं?"

करिश्माने त्यांच्याकडे पाहिलं, मग दिव्यानीकडे.

"तुला हे माहीत होतं?" तिने हळूच विचारलं.

सहा वर्षांत करिश्मापासून दिव्यानीने पहिल्यांदा काही लपवलं होतं, आणि ते लपलं नव्हतं. करिश्माने नारळावरचे हात काढले नाहीत, ती उठली नाही, रडलीही नाही.

"तू सांग," ती म्हणाली. "तू जे म्हणशील ते मी म्हणेन. पण तू आधी म्हण."

शेवटचा प्रश्न रामाजींनी रीतीप्रमाणे विचारला. आजवर तो विचारला की दोन्हीकडची माणसं हसायची आणि 'नाई जी' म्हणून मोकळी व्हायची.

"मनात दुसरं काई नाई ना?"

निकेश बहिणीकडे बघून मान हलवत होता, 'नाई म्हण, नाई म्हण' अशी. दिव्यानीला तो दिसत होता. गुणाबाई दिसत होत्या, विहीर दिसत होती. या घराचं तिला काय काय आवडायचं ते सगळं एकदम दिसत होतं. ते सुटणार, आणि एका शब्दासाठी सुटणार, याचं तिला फार वाईट वाटलं.

"हाये," ती म्हणाली.

"काय?"

"मनात दुसरं हाये, बाबा. मले हिची बहीण नाई होता येत. तुमाले वाईट वाटन, पण नाई होता येत."

रामाजींनी हातातले तांदूळ परत राशीत टाकले.

"मंग हे होत नाई," ते म्हणाले आणि उठले.

देवाजी पुढे झाला. "बाबा, पोरगी घाबरून बोलली. पुन्हा एकडाव इचारा."

"पुन्हा इचारलं तं देवाले पयलं ऐकू आलं नाई असं होते का?"

"आपल्याले फक्त गावाले दाखवासाठी..."

"गावाले दाखवाले नाटक हाये ना सांजच्याले. तिकडं जा." रामाजींचा आवाज चढला नाही. "माह्या हातून देवासमोर मी कोणाले खोटं बोलाले लावत नाई."

"बाबा," निकेश म्हणाला, "उद्या आपलंच घर त्या ओळीत येईन. कळते का तुमाले?"

"येऊ दे."

देवाजीने फोन खिशात टाकला. दुसरी ओळ राहील, असं त्याने जाता जाता हसतमुखाने सांगितलं. निकेश त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेला, मग त्याच्या गाडीपर्यंत गेला, आणि बराच वेळ आला नाही.

*

पंगत बसली. मंडईचं मटण झालं होतं, आणि माळकरी असल्यामुळे रामाजी मंडईला नेहमीच वेगळे जेवायचे. त्यामुळे यंदा ते वेगळे बसले ते कशामुळे, हे कोणाला सांगता आलं नसतं. ज्योत्स्नाने दिव्यानीच्या आणि करिश्माच्या मध्ये ताट मांडून घेतलं आणि नवऱ्याचं ताट दुसऱ्या टोकाला वाढलं. वच्छलाबाईंनी करिश्माला दोन वडे जास्त दिले. गुणाबाई वाढता वाढता एकदाच बोलल्या, ज्योत्स्नाला.

"माह्या महापरसादचं झाकण करून दुसऱ्याच्या भांड्यावर ठेवाले निघाली होती तू. मले लय राग आला होता. पोरगी नाई म्हणाली तवा गेला."

जेवण होताच दिव्यानी निघाली. अंधार पडायच्या आत जंगलातला रस्ता ओलांडायला हवा होता. रामाजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ती पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

"खोटं बोलली नाई, थे बरं केलं," ते म्हणाले. "पण उद्या पयल्या ओळीले माहा हात वर राह्यन. असं लगन मले पटत नाई. तुह्यापासून लपवून नाई करत."

"करा, बाबा." तिचे डोळे भरून आले. "अन् दुसरी ओळ?"

"दुसरीचं मी पाहीन. थे माह्या घराचं हाये."

पाटांपुढचे दोन नारळ तसेच पडले होते. मांडलेला नारळ घरात परत येत नाही आणि फोडायचाही नसतो. ज्याच्या मांडीवर ठेवला त्याने तो न्यायचा. आजवर ते न बदलता कोणी नेले नव्हते, त्यामुळे पुढे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गुणाबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, दोन्ही नारळ एकाच फडक्यात घातले आणि गाठ मारून करिश्माच्या हातात दिले. स्कूटरवर बसताना गाठ सुटली. एक नारळ घरंगळत ओट्यावरून उतरलेल्या रामाजींच्या पायाशी आला.

त्यांनी तो उचलला. दुसराही मागून घेतला. फडकं पसरलं, नारळ शेजारी शेजारी ठेवले, टोकं जुळवली. दोन वेढे दिले, टोक आतून ओढून घेतलं, आणि एकदा खेचून पाहिलं.

ज्योत्स्नाने ते पाहिलं. वच्छलाबाईंनीही पाहिलं आणि चटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. स्कूटर चिंचेच्या झाडापलीकडे दिसेनाशी झाली तरी रामाजी फाटकात उभे होते.

गुणाबाई त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"अवो, कोणती गाठ मारली जी थे?"

रामाजींनी मागे वळून खळ्याकडे पाहिलं. सकाळपासून त्यांनीच बांधलेले भारे तिथे रचून ठेवले होते.

"मले एकच येते," ते म्हणाले.